एडिनबरो किल्ल्यावरील सेंट मार्गारेट चॅपेल: बाहेरून चौकोनी, आतून अर्धगोल असे का?

पायवाट:

नमस्कार. मुलीच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने स्कॉटलंडला जाणे झाले, तेव्हा एडिनबरोचा किल्ला सवडीने पाहता आला. किल्ल्याच्या सर्वांत उंच भागावर, ज्याला आपण बालेकिल्ला म्हणू, राजवाडा, युद्धस्मारक आणि तोफा यांच्या गर्दीत एक लहानशी दगडी इमारत आहे. तिचा आकार इतका साधा आहे की पहारेकऱ्याची खोली समजून मी तिच्यासमोरून एकदा पुढेही निघून गेलो होतो. शेजारीच ‘मॉन्स मेग’ नावाची पंधराव्या शतकातील अजस्र तोफ असल्यामुळे सगळे लोक तिच्याभोवतीच उभे होते. नंतर फलक वाचल्यावर कळले की हे सेंट मार्गारेटचे चॅपेल असून एडिनबरो शहरात आज उभ्या असलेल्या वास्तूंमध्ये ते सर्वांत जुने मानले जाते.

आत गेल्यावर मात्र मी चक्रावलो. मुख्य कक्ष जेमतेम १६ फूट लांब आणि १० फूट रुंद असेल. त्याच्या पूर्वेच्या टोकाला एक कोरीव कमान आहे आणि कमानीपलीकडे वेदीची जागा चक्क अर्धवर्तुळाकार आहे. बाहेर येऊन पुन्हा फेरी मारली, तर पूर्वेची भिंत सरळ आणि कोपरे काटकोनात! आतला गोलावा बाहेर कोठेच दिसत नाही. लहान इमारतीत जागेची एवढी टंचाई असताना कोपऱ्यांत दगड भरून ती वाया का घालवली असेल?

दुसरी शंका काळाबद्दल आहे. आमच्यासोबतच्या वाटाड्याने सांगितले की राणी मार्गारेट येथे प्रार्थना करीत असे. फलकावर मात्र बांधकामाचा काळ सुमारे ११३० असा दिला आहे आणि राणीचा मृत्यू तर १०९३ मधला. यातले खरे काय मानावे? शिवाय किल्ल्यावरील बाकी सर्व जुन्या इमारती नष्ट झाल्या असताना नेमकी हीच कशी वाचली, हेही जाणून घ्यायला आवडेल. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

चुना_आणि_दगड:

आपले निरीक्षण नेमके आहे. पुष्कळ पर्यटकांच्या लक्षात ही विसंगती येत नाही, कारण आतून बाहेर आल्यावर मागे वळून फेरी मारण्याचे कष्ट कोणी घेत नाही. मी व्यवसायाने वास्तुविशारद आहे, त्यामुळे आधी आकाराबद्दल लिहितो.

वेदीसाठी पूर्वेला अर्धवर्तुळाकार भाग काढण्याची पद्धत युरोपात रोमन काळापासून चालत आलेली आहे. अकराव्या-बाराव्या शतकांतील ज्या शैलीला ब्रिटनमध्ये ‘नॉर्मन’ म्हणतात, त्या शैलीच्या लहान चर्चमध्ये हा भाग बहुधा बाहेरूनही फुगीर दिसतो, म्हणजे भिंत आत जशी वळते तशीच बाहेरही वळते. एडिनबरोत तसे नाही. आतला वक्र भाग सरळ भिंतींच्या आयताकृती खोक्यात बसवलेला आहे आणि उरलेले दोन कोपरे भरीव बांधकामाने बुजवलेले आहेत. स्वतंत्र, मोकळ्या जागेत उभ्या असलेल्या इमारतीत असे करण्यास फारसे कारण नसते. इमारत दुसऱ्या एखाद्या मोठ्या वास्तूला चिकटलेली असेल किंवा तिच्या पोटातच असेल, तर मात्र असे करणे सोयीचे ठरते. म्हणूनच काही अभ्यासकांचे असे मत आहे की आज एकटे उभे दिसणारे हे चॅपेल मूळचे सुटे नव्हतेच. ते राजनिवासाचा किंवा एखाद्या भक्कम बुरूजवजा वाड्याचा एक भाग असावे आणि भोवतालचे बांधकाम नाहीसे झाल्यावर तेवढेच उरले असावे. मला स्वतःला हे मत पटते. लंडनच्या व्हाइट टॉवरमध्ये सेंट जॉनचे चॅपेल असेच राजवाड्याच्या पोटात आहे. फरक इतकाच की तेथे वेदीचा गोलावा आग्नेय कोपऱ्यातून ठळकपणे बाहेर डोकावतो, तर येथे तो भिंतीच्या जाडीत गडप केला आहे.

आपल्याला हा आकार अगदी परका वाटण्याचे कारण नाही. कार्ल्याचे चैत्यगृह आठवा: लांबट दालन आणि शेवटी अर्धगोल भाग. मात्र कार्ल्याला डोंगरच कोरलेला असल्यामुळे ‘बाहेरची बाजू’ हा प्रश्नच उद्भवत नाही. विटांत बांधलेले चैत्यगृह बाहेरून कसे दिसे, हे पाहायचे असल्यास तेरच्या त्रिविक्रम मंदिराची मागची बाजू पाहावी. तेथे भिंत बाहेरूनही हत्तीच्या पाठीसारखी वळलेली आहे. उपयोगात मात्र मोठा भेद आहे. चैत्यगृहातील गोलावा स्तूपाभोवती प्रदक्षिणा घालता यावी म्हणून असतो. चॅपेलमध्ये प्रदक्षिणेची कल्पनाच नाही. अर्धगोल जागेत वेदी आणि धर्मगुरू, कमानीच्या अलीकडे उपासक, असा सरळ विभाग आहे. त्यामुळे या इमारतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती मधली कमान. तिच्यासाठीच शिल्पकाराची सगळी मेहनत राखून ठेवलेली दिसते.

आता काळाचा प्रश्न. त्याचे उत्तरही याच कमानीत आहे. कमानीवर करवतीच्या दातांसारखी नागमोडी नक्षी आपण पाहिली असेलच. ही नक्षी ब्रिटनमधील नॉर्मन इमारतींत बाराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत प्रचारात आली आणि तिच्या प्रसारात इंग्लंडच्या उत्तरेकडील डरहॅमच्या कॅथीड्रलचा वाटा फार मोठा आहे. त्या कॅथीड्रलची पायाभरणी ऑगस्ट १०९३ मध्ये झाली. मार्गारेट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वारली. म्हणजे ज्या इमारतीतून ही नक्षी स्कॉटलंडकडे आली, तिचे पायाचे दगड बसत होते तेव्हा राणीच्या आयुष्याचे थोडेच महिने उरले होते. डरहॅमची छाप असलेले काम स्कॉटलंडमध्ये ठळकपणे दिसते ते डनफर्मलिनच्या मठात, आणि त्याचे आज उभे असलेले मोठे दालन मार्गारेटचा धाकटा मुलगा पहिला डेव्हिड याच्या कारकिर्दीतले, म्हणजे ११२८ नंतरचे आहे. चॅपेलची कमान त्याच घराण्यातली वाटते. म्हणून सुमारे ११३० हा काळ आणि डेव्हिड हा कर्ता, हे दोन्ही निष्कर्ष कोणत्याही शिलालेखावर नव्हे, तर शैलीच्या तुलनेवर उभे आहेत. हेमाडपंती म्हणवल्या जाणाऱ्या देवळांचा काळ आपण खांबांच्या घडणीवरून ठरवतो, तसाच हा प्रकार आहे.

गडकरी_नव्हे_वाचक:

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु वाटाड्याच्या बाजूनेही थोडे बोलायला हवे. मार्गारेटचा मृत्यू याच किल्ल्यावर झाला, ही गोष्ट पक्की आहे. त्यामुळे राणी या किल्ल्यात प्रार्थना करीत असे, हे वाक्य खरेच आहे. ‘याच भिंतींच्या आत’ हे दोन-तीन शब्द तेवढे लोकांनी नंतर जोडले.

मार्गारेट मूळची इंग्लंडच्या सॅक्सन राजघराण्यातली. तिचा जन्म हंगेरीत, वडील परागंदा असताना झाला. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर ती भावंडांसह स्कॉटलंडला आश्रयाला आली आणि पुढे तिसरा माल्कम राजा याच्याशी तिचा विवाह झाला. १३ नोव्हेंबर १०९३ रोजी इंग्लंडवरील स्वारीत माल्कम आणि थोरला मुलगा एडवर्ड हे अ‍ॅनिक येथे मारले गेले. आधीच आजारी असलेल्या राणीला ही बातमी एडिनबरोच्या किल्ल्यात कळली आणि १६ नोव्हेंबरला तिने प्राण सोडला. त्यातच माल्कमचा भाऊ डोनाल्ड सिंहासनावर हक्क सांगत किल्ल्याला वेढा घालून बसला. तेव्हा दाट धुक्याचा फायदा घेऊन तिचा देह पश्चिमेच्या चोरदरवाजाने बाहेर काढला आणि डनफर्मलिनला नेऊन पुरला, अशी कथा पुढच्या काळातील बखरकारांनी लिहून ठेवली आहे. तिचे तीन मुलगे पाठोपाठ राजे झाले. डेव्हिड त्यांतला शेवटचा. आई जेथे वारली त्या किल्ल्यावर मुलाने तिच्या स्मरणार्थ प्रार्थनास्थान बांधावे, हे सहज समजण्यासारखे आहे. पोप चौथा इनोसंट याने तिला संतपद दिले ते पुष्कळ नंतर, १२५० मध्ये.

ही वास्तू वाचली कशी, हा प्रश्न मला अधिक रंजक वाटतो. इंग्रजांविरुद्धच्या युद्धात मार्च १३१४ मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याचा भाचा टॉमस रँडॉल्फ याने तीस निवडक माणसांनिशी, रात्रीच्या अंधारात, उत्तरेचा उभा कडा चढून हा किल्ला घेतला. वाट दाखवणारा विल्यम फ्रान्सिस नावाचा माणूस पूर्वी याच किल्ल्यावर राहत असे आणि गावातल्या प्रेयसीला भेटण्यासाठी रात्री त्याच कड्याने उतरत असे, असे चौदाव्या शतकातील एका स्कॉट दीर्घकाव्यात म्हटले आहे. सिंहगडाची रात्र लहानपणापासून ऐकलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटणार नाही, पण प्रेयसीचा तपशील मात्र आपल्याकडे नाही.

किल्ला घेतल्यावर ब्रूसने तो राखला नाही, तर पाडला. इंग्रज परत आलेच तर त्यांना तटबंदीचा आसरा मिळू नये, हा त्यामागचा हिशेब होता. १८१८ च्या सुमारास इंग्रजांनी सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या आणि वाटा याच हिशेबाने सुरुंग लावून उडवल्या. एडिनबरोच्या त्या मोडतोडीतून फक्त हे चॅपेल वगळले गेले. मार्गारेट ही तोवर स्कॉटलंडची संत राणी झालेली होती, आणि ब्रूस स्वतःचा राज्यावरचा हक्क तिच्याच वंशातून सांगत होता. पूर्वजेच्या नावाचे देवस्थान पाडणे त्याला परवडणारे नव्हते. १३२९ मध्ये मृत्युशय्येवर त्याने चॅपेलची डागडुजी करण्याची आज्ञा दिली, असेही सांगितले जाते.

दुसरा मोठा प्रसंग १५७३ चा. तेव्हा लांबलेल्या वेढ्याच्या अखेरीस तोफांच्या माऱ्याने किल्ल्यावरील डेव्हिड टॉवर नावाचा भला मोठा बुरूज कोसळला. (हा डेव्हिड दुसरा, ब्रूसचा मुलगा, चॅपेलवाल्याशी गल्लत करू नये.) माथ्यावरचे चॅपेल त्या वेळीही टिकले.

वसईकर_आजोबा:

मूळ विषयाला धरून एक लहानशी भर घालतो. आमच्याकडे वसईत आणि गोव्यातही लहान प्रार्थनास्थळाला ‘कपेल’ म्हणतात. तो पोर्तुगीज ‘कपेला’. इंग्रजी ‘चॅपेल’चेही मूळ एकच, लॅटिन ‘कॅपेला’, म्हणजे छोटा झगा. तूरच्या संत मार्टिनने आपला झगा फाडून अर्धा भिकाऱ्याला दिला, अशी कथा आहे. उरलेला झगा फ्रँक राजे पवित्र अवशेष म्हणून स्वतःजवळ बाळगीत आणि तो जेथे ठेवीत त्या जागेला झग्याचेच नाव पडले. म्हणजे शब्दाचा उगमच राजाच्या खासगी देवघराशी आहे. गावाचे चर्च ते चर्च, आणि राजाच्या वाड्यातले ते चॅपेल. हे लक्षात घेतले तर १६ फुटांची लांबी कमी वाटत नाही. राजा, त्याचे कुटुंब आणि चार सरदार एवढ्यांसाठीच ती जागा होती.

पायवाट:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विशेषतः चॅपेल हे मोठ्या वाड्याचा उरलेला तुकडा असावे, ही कल्पना वाचल्यावर पुन्हा छायाचित्रे काढून पाहिली आणि पश्चिमेची भिंत मला आता वेगळीच वाटू लागली आहे.

आणखी एक विचारतो. आतील भिंती स्वच्छ पांढऱ्या आहेत, छत गुळगुळीत आहे आणि खिडक्यांत रंगीत काचा आहेत. नऊशे वर्षांची इमारत इतकी टवटवीत दिसते, याचा अर्थ तिच्यातले किती जुने आणि किती नवे? आत काचेच्या पेटीत एक सचित्र ग्रंथही उघडून ठेवलेला दिसला. तो मार्गारेटचा स्वतःचा ग्रंथ आहे का?

उत्तरेचा_वारा:

मी गेली काही वर्षे स्कॉटलंडमध्ये राहतो आणि भारतातून पाहुणे आले की मला हा किल्ला दाखवावाच लागतो, त्यामुळे या चॅपेलमध्ये माझे बरेच जाणे झाले आहे.

आपली शंका रास्त आहे. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडमध्ये संतांची उपासना थांबली आणि त्यांच्या नावाच्या जागांना कोणी वाली उरला नाही. किल्ल्यावर तर लष्कराचा मुक्काम होता. जाड भिंतींची, चिमुकल्या खिडक्यांची, माथ्यावरची कोरडी खोली सैनिकांना कशासाठी सोयीची वाटली असेल, हे आपल्याकडील किल्ले पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको. चॅपेलचे दारूकोठार झाले. मुख्य कक्षावरील अर्ध्या पिंपासारखे गुळगुळीत छत मूळचे नसून या नंतरच्या वापरातले आहे, असे मानले जाते. वेदीवरील अर्धघुमट मात्र जुना. दारूकोठार म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापर झाल्यावर ही जागा कधीकाळी चॅपेल होती, हेही लोक विसरून गेले. मला नेहमी वाटते की या विस्मरणानेच तिला तारले. महत्त्वाची जागा म्हणून ती ओळखली गेली असती, तर अठराव्या शतकातल्या एखाद्या उत्साही अधिकाऱ्याने ती ‘सुधारून’ टाकली असती.

१८४५ मध्ये डॅनियल विल्सन या पुरातत्त्वाभ्यासकाने त्या कोठारातील कमान पाहून वास्तू ओळखली. इंग्रजीत ‘प्रिहिस्टॉरिक’ हा शब्द रूढ करणारा विल्सन तो हाच. पुढे तो कॅनडात टोरांटोला प्राध्यापक म्हणून गेला. त्याच्या पाठपुराव्यामुळे आणि राणी व्हिक्टोरियाने रस घेतल्यामुळे १८५१-५२ मध्ये चॅपेलची डागडुजी झाली. त्या काळी मध्ययुगीन वास्तूंचे वेड जोरात होते आणि मोडलेल्या भागाच्या जागी ‘जुन्यासारखा’ नवा दगड घडवून बसवणे यात कोणाला काही गैर वाटत नसे. त्यामुळे आज समोर दिसणारे प्रत्येक दगडी काम बाराव्या शतकाचे समजून चालू नये. एकूण मांडणी, भिंतींचा मोठा भाग, अर्धगोल वेदीकक्ष आणि कमानीची नक्षी यांवर आपण विश्वास ठेवू शकतो.

रंगीत काचा त्याहूनही अलीकडच्या, १९२२ मधल्या आहेत. त्या डग्लस स्ट्राखन या कलावंताने घडवल्या. किल्ल्यावरील युद्धस्मारकाच्या काचाही त्याच्याच. पाच खिडक्यांत अँड्र्यू, निनियन, कोलंबा आणि मार्गारेट हे चार संत आहेत आणि पाचवा विल्यम वॉलेस, जो संत नव्हता तर इंग्रजांशी लढलेला योद्धा होता. कोणाला हे खटकेल, पण १९२२ मध्ये, महायुद्ध नुकतेच संपलेले असताना आणि शेजारीच युद्धस्मारक उभे करण्याची तयारी चालू असताना, एका योद्ध्याला संतांच्या पंक्तीत बसवावेसे का वाटले, हे मला समजू शकते. मध्ययुगातला उजेड पाहायचा असेल, तर या काचा मनातून काढून टाकाव्या लागतात. त्या काळी येथे मेणबत्त्यांचा प्रकाश आणि खिडक्यांच्या फटींतून येणारी फिकट तिरीप, एवढेच असावे.

१९३४ मध्ये चॅपेल पुन्हा विधिपूर्वक उपासनेसाठी अर्पण करण्यात आले आणि तेव्हापासून येथे लग्ने आणि नामकरणेही होतात. पाहुणे मात्र वीसेकच मावतात, त्यामुळे कोणाला बोलवायचे यावरून दोन्ही घरांत काय होत असेल याची कल्पना करावी. वेदीवरची ताजी फुले आपण पाहिली असतील. १९४२ पासून त्यांची जबाबदारी एका मंडळाकडे आहे आणि स्कॉटलंडमधील मार्गारेट नावाच्या स्त्रिया पाळीपाळीने ती फुले ठेवतात.

ग्रंथाबद्दल सांगायचे तर काचेखालचा ग्रंथ ही प्रतिकृती आहे. राणीजवळ शुभवर्तमानांतील निवडक उताऱ्यांचे एक सचित्र हस्तलिखित होते आणि ते तिला फार प्रिय होते. तिचा चरित्रकार टर्गो, जो डरहॅमच्या मठाचा प्रमुख होता, लिहितो की नदी ओलांडताना ते पुस्तक एका माणसाच्या हातून पाण्यात पडले, पुष्कळ वेळाने सापडले आणि पाण्याच्या किंचित डागांखेरीज त्याला काहीही झाले नव्हते. १८८७ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने एक लहानसे, फारसे मोल नसलेले वाटणारे हस्तलिखित अवघ्या सहा पौंडांना विकत घेतले. त्याच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानावर कोणीतरी लॅटिनमध्ये लिहिलेली कविता होती आणि तीत हाच नदीत पडल्याचा प्रसंग वर्णिलेला होता, त्यावरून ते ओळखले गेले. मूळ ग्रंथ आजही ऑक्सफर्डलाच आहे. मुलगी अजून तिकडे असेल, तर पुढच्या खेपेस तेथे प्रदर्शन मांडलेले आहे का, ते आधी विचारून मगच जावे. असे जुने हस्तलिखित कायम उघड्यावर ठेवत नाहीत.